आरशासमोरचं माप

सुनेचं नऊ वर्षांतलं सगळं वागणं मास्तरीणबाईंनी चालवून घेतलं होतं. ओला टॉवेल खुर्चीच्या पाठीवर टाकायचा, चहाचा कप अर्धा पिऊन गार होऊ द्यायचा, कात्री मागितली तर टोक पुढे करून द्यायची, सगळं. पण या खेपेला तिने कमाल केली. सर्व्हेच्या कागदावर सासूच्या नावापुढे 'पूर्णपणे सहमत'च्या चौकोनात खूण करून मोकळी झाली. सासू हाताच्या अंतरावर बटाटे सोलत बसली होती, पण तिला विचारावं असं सुनेला काही सुचलं नाही.

"मी कधी सहमत झाले गं?"

"आई, घरचीच पोर आहे. तुम्ही काय नाही म्हणणार आहात?"

"मी काय म्हणणार ते मी बोलायच्या आधीच तुला कळतं. मग मला तोंड कशाला ठेवलंय? नुसतं जेवायला?"

सून हसली. याचाच मास्तरीणबाईंना संताप यायचा. लागेल असं बोलावं तर ही हसणार, आणि धार लावून काढलेला शब्द फुकट जाणार.

लोक त्यांना मास्तरीणबाई म्हणत, पण शाळेशी त्यांचा संबंध दुसरीतच संपला होता. टेलर मास्तर होता तो नवरा. तो गेला तेव्हा त्यांनी त्याची कात्री उचलली, आणि कात्रीबरोबर हुद्दाही आपसूक आला. दुकान अरुंद होतं. तीन मशिनी, दोन शिवणाऱ्या बायका, एक लांब कटिंग टेबल, भिंतीवर पुरुषभर उंचीचा आरसा, कोपऱ्यात पडदा लावून केलेली ट्रायल रूम. खिडकीशी काजवाली बसायची. काज पाडणं आणि बटणं लावणं एवढंच तिचं काम, पण रस्त्यावरचं सगळं तिला दिसायचं आणि दुकानातलं सगळं तिला ऐकू यायचं. शाळा उघडायच्या आधीचे तीन आठवडे म्हणजे दुकानाचा हंगाम. राखाडी झगे, पांढरे शर्ट, एका शर्टाला पाच बटणं. या भागातलं एकही पोर असं नव्हतं ज्याच्या खांद्याचं माप मास्तरीणबाईंच्या वहीत नाही.

माप घ्यायची त्यांची एक रीत होती, आणि तिचा त्यांना गर्व होता. गिऱ्हाईक आरशासमोर उभं राहिलं आणि त्याने टेप बघितली, की बाई असो नाहीतर बाप्या, पोट आत जातं आणि छाती बाहेर येते. पोरंसुद्धा टाचा उचलतात. त्या घटकेचं माप धरून शिवलं तर कपडा घरी जाऊन उसवतो आणि शिव्या टेलरला बसतात. म्हणून त्या आधी आरशावर चादर टाकायच्या. मग काहीतरी भलतंच विचारायच्या, धाकटीचे दात पडले का, वरच्या मजल्यावरचे भांडखोर गेले का. माणूस बोलायला लागला की पोट आपल्या जागेवर येतं. तेव्हा टेप फिरवायची.

"माणूस स्वतःकडे बघत असताना त्याचं माप घ्यायचं नाही," त्या काजवालीला सांगायच्या. काजवालीने हे शंभर वेळा ऐकलं होतं आणि शंभर वेळा मान हलवली होती.

आता सर्व्हेचं काय ते. मास्तरीणबाईंना एकच नात, सात वर्षांची. आईच्या पोटात असताना फार लाथा मारायची म्हणून बापाने तिला भिंगरी म्हणायला सुरुवात केली, आणि जन्मल्यावर पायांत जोर नाही हे कळलं तरी नाव तेच राहिलं. ती चार चाकांचा वॉकर धरून चालायची. शब्द सावकाश यायचे, पण पूर्ण यायचे. पेन्सिल धरायला, पान उलटायला, संडासला जायला कोणीतरी लागायचं. आजवर ती घरीच शिकली. तिचा बाप परगावी क्रेन चालवायचा आणि महिन्यातून दोन दिवस घरी यायचा. यंदा वरून हुकूम आला की अशी मुलं नेहमीच्या शाळेत, नेहमीच्या वर्गात बसतील. मुलाजवळ बसायला मदतनीस बाईही मिळतील. पण मदतनीस बाया थोड्या आणि शाळा फार. मग ऑफिसातल्या साहेबांनी ठरवलं की आधी भागाभागात पालकांना विचारायचं, अशी मुलं तुमच्या मुलांबरोबर शिकली तर तुम्हाला कसं वाटेल.

विचारायचं काम या भागापुरतं सुनेला मिळालं. तीन महिन्यांचं, तात्पुरतं, पण गळ्यात ओळखपत्र आणि हातात क्लिप लावलेली पाटी. पहिल्या दिवशी ती भिंगरीला दुकानात ठेवायला घेऊन आली होती.

"हंगाम आहे," मास्तरीणबाई म्हणाल्या. "पायात पाय. वॉकर कुठे ठेवू, माझ्या डोक्यावर? आणि येणारी प्रत्येक बाई च्यक च्यक करणार. मला नाही ते सोसत. घेऊन जा."

सुनेने नेली. बासष्ट घरं. जिन्यावर वॉकर चढत नाही, म्हणून पोर कडेवर, पाटी काखेत. प्रत्येक दाराशी बेल, आणि दार उघडलं की आधी भिंगरीचं तोंड दिसायचं. भिंगरीला माणसं आवडायची. ती प्रत्येकाकडे बघून हसायची.

निकाल हंगामाच्या शेवटच्या आठवड्यात आला. सुनेने तो दुकानात उभं राहूनच वाचला. बासष्टपैकी साठ घरं 'पूर्णपणे सहमत', दोन घरं 'सहमत'. असहमत कोणी नाही. खाली साहेबांनी लिहिलं होतं की या भागातल्या पालकांची तयारी अत्यंत चांगली असल्याने येथे मदतनीस शिक्षिकेची आवश्यकता दिसत नाही, ती जागा अन्यत्र द्यावी. कोणाची हरकत किंवा दुरुस्ती असल्यास शनिवारपर्यंत कळवावी. शाळा सोमवारी उघडणार होती.

"म्हणजे चाळीस पोरांत ही एकटी," मास्तरीणबाई म्हणाल्या.

सुनेचा चेहरा पडला होता, पण मान ताठ होती. "लोक मदत करतील ना. एवढे लोक हो म्हणालेत. एकही नाही म्हणालं नाही, आई. तुम्हाला माणसं वाईटच दिसतात."

"वाईट नाही दिसत. मला ती कमरेपासून दिसतात. तिथे कोणाला खोटं बोलता येत नाही."

सुनेने पाटी उचलली आणि निघून गेली.

दुसऱ्या दिवशी बेकरीवाली आपल्या मुलीला घेऊन आली. आरशावर चादर होती. मास्तरीणबाई पोरीच्या बाहीचं माप घेत होत्या आणि बेकरीवालीचं तोंड मोकळं होतं. लेकराचं माप चालू असलं की आईला कोणी मोजत नाही.

"दुसरीच्या वर्गात चालता न येणारी मुलगी घेणार आहेत म्हणे," बेकरीवाली म्हणाली. "चाळीस पोरं, एक बाई. ती हिला संडासला नेणार की आमच्यांना पाढे शिकवणार? मी तर वर्गबाईंना सांगूनच ठेवलंय, माझीला तिच्या बाकावर बसवायचं नाही." मग तिला आठवलं आपण कुठे उभ्या आहोत. कानापर्यंत लाल झाली. "म्हणजे तुमच्या भिंगरीचं नाही म्हणत हं मी."

"मग कोणाचं म्हणतेस? या भागात दुसरी कोण आहे?"

खिडकीतून काजवालीचा दोरा दाताने तुटल्याचा आवाज आला.

"आणि कागदावर काय सांगितलंस?"

"कागदावर..." बेकरीवाली पदर नसताना पदर शोधावा तशी ओढणीचं टोक चाचपू लागली. "सूनबाई दारात आल्या होत्या. कडेवर ती. माझ्याकडे बघून हसली हो. तिच्या तोंडावर नाही कसं म्हणायचं? माणुसकी आहे की नाही?"

"आहे ना. दारापुरती आहे. हात वर कर गं पोरी."

दुपारी सून डबा द्यायला आली तेव्हा मास्तरीणबाईंनी तिला कोरा फॉर्म काढायला लावला. "वाच. जसं दारात वाचत होतीस तसंच वाच."

सुनेने वाचलं. प्रत्येक मुलाला इतर मुलांबरोबर शिकण्याचा हक्क आहे, या विधानाशी आपण किती सहमत आहात? पूर्णपणे सहमत, सहमत, थोडे सहमत, सांगता येत नाही, असहमत.

"याला नाही कोण म्हणेल? तहान लागल्यावर पोराला पाणी द्यावं का, असं विचारल्यासारखं आहे. आणि होकाराला तीन खुर्च्या मांडल्यात, नकाराला एक, तीही दाराबाहेर. माझ्या बाकावर बसेल का, हे कुठे आहे?"

"ते नाहीये यात. प्रश्न साहेबांनी काढलेत, मी नाही."

"प्रश्न साहेबाचे असतील. कडेवर पोर कोणाची होती?"

सून एकदम उसळली. "कोणी घ्यायला लावली कडेवर? मी आले होते ना ठेवायला! वॉकर डोक्यावर ठेवू का म्हणालात. बायका च्यक च्यक करतील म्हणालात. नात गिऱ्हाइकांना दिसायला नको होती तुम्हाला, दुसरं काही नाही."

मशिनवर बसलेल्या दोघींनी पाय थांबवले. मास्तरीणबाईंनी त्यांच्याकडे बघितलं तशा मशिनी पुन्हा सुरू झाल्या, जरा जास्तच जोरात.

"डबा ठेव आणि जा," त्या म्हणाल्या.

संध्याकाळी दुकान बंद करायच्या आधी त्यांनी बिस्किटाचा जुना डबा काढला, झाकणाला कात्रीने चीर पाडली, तळाशी चिंध्या घातल्या म्हणजे आवाज यायचा नाही, आणि तो ट्रायल रूममध्ये स्टुलावर ठेवला. शेजारी दोन वाट्या. एकीत पन्नास पांढरी बटणं, शर्टाची, मोत्यासारखी चमकणारी. दुसरीत पन्नास काळी, कोटाची.

पुढचे तीन दिवस गणवेश न्यायला जो येईल त्याला एकच सांगणं. "आत जाऊन कपडे खुंटीला लावा, पोराला मी मागून पाठवते. आणि आत बटणं आहेत. चालता न येणारी, सावकाश बोलणारी मुलगी तुमच्या मुलाला लागून त्याच बाकावर बसली तर चालेल का? चालत असेल तर पांढरं डब्यात टाका, नसेल तर काळं. मी बघत नाही. मला बघायला वेळ नाही." आणि खरोखर पाठ फिरवून त्या इस्त्री करत बसायच्या. काजवाली खडूने खिडकीच्या चौकटीवर माणसागणिक रेघ ओढायची.

कोणी हसत आत गेलं, कोणी "हे काय नवीन?" म्हणालं. पण आत सगळे गेले, आणि बाहेर येताना मास्तरीणबाईंच्या पाठीकडे बघत आले.

शुक्रवारी संध्याकाळी, दुकान बंद व्हायच्या वेळी, सून भिंगरीला घेऊन घरी चालली होती, तेव्हा काजवालीने खिडकीतूनच तिला हाक मारली. मास्तरीणबाईंनी डबा कटिंग टेबलावर उपडा केला आणि दोन्ही वाट्या शेजारी आणून ठेवल्या. भिंगरीला टेबलाशी उंच स्टुलावर बसवलं, तशी ती काही न सांगता बटणं वेगळी करू लागली. तिची बोटं हळू चालायची, पण एकही बटण भलत्या ढिगात जायचं नाही.

काळी सत्तावीस. पांढरी सात.

"ही घे तुझी साठ घरं," मास्तरीणबाई म्हणाल्या.

सून ढिगांकडे बघत राहिली. त्या वाट बघत होत्या की आता रडेल. पण ती रडली नाही. तिने वाट्या ओढून घेतल्या आणि मोजायला लागली, चौकटीवरच्या रेघाही मोजल्या, आणि वर बघितलं तेव्हा तिच्या तोंडावर ते हसू नव्हतं. नऊ वर्षांत पहिल्यांदा नव्हतं.

"चाळीस माणसं आत गेली," ती म्हणाली. "वाटीत छत्तीसच पांढरी उरलीत. पन्नास होती. डब्यात सात. मग आणखी सात गेली कुठे?"

काजवाली खोकली. "नेली, दुसरं काय. बटण चांगलं होतं. कोणाच्या शर्टाचं तुटलं असेल."

"म्हणजे सात जणांनी बटण खिशात घातलं, त्यांचं मत कोणालाच माहीत नाही. तुमचंही माप काही बिनचूक नाही, आई."

"सात सोड. ढीग कुठला मोठा, ते तर दिसतंय?"

"दिसतंय. पण माझं झालं नाही अजून. चाळीसातून सात गेले, राहिले तेहतीस. डब्यात बटणं चौतीस आहेत." सुनेने काळ्या ढिगावर बोट ठेवलं. "एक जास्तीचं आहे. आणि त्या पडद्यामागे गिऱ्हाइकांशिवाय दुसरं कोण जातं?"

मशिनवाल्या केव्हाच घरी गेल्या होत्या. आरशावरची चादर एका बाजूने घसरली होती आणि मास्तरीणबाईंना त्यात स्वतःची अर्धी बाजू दिसत होती, गळ्यातल्या टेपसकट. त्यांनी जाऊन चादर नीट केली.

"विचारू?" सून म्हणाली. "हिच्यासमोर? का हिला बाहेर ठेवून येऊ? तुमची रीत तशी आहे ना?"

"विचार. माझं पोट आत जात नाही."

"कुठलं टाकलंत?"

"काळं," मास्तरीणबाई म्हणाल्या. "सगळ्यात पहिलं. डबा चालतो का बघायला टाकलं आणि परत काढलं नाही. चाळीस पोरांत, मदतीला कोणी नसताना, ही ओल्या चड्डीत बसून राहणार आणि बाकीची नाक दाबणार. याला मी हो म्हणत नाही. हिच्याजवळ बसायला बाई द्या, मग माझं पांढरं. तू हे मला विचारलं असतंस तर तेव्हाच सांगितलं असतं. कागदावर तुझ्या त्याला जागा नसेल, ते वेगळं."

भिंगरीचे हात थांबले होते. ती आजीकडे बघत होती. मग तिने पांढऱ्या वाटीतून एक बटण दोन बोटांत धरलं, ते निसटलं, पुन्हा धरलं, आणि पांढऱ्या ढिगात नेऊन ठेवलं.

"माझं... हे," ती म्हणाली. "मला... जायचंय."

"हे बघ," मास्तरीणबाई सुनेकडे वळल्या. त्यांचा आवाज चढला तो तिथेच. "बासष्ट घरं फिरलीस. जिला जायचंय तिला कडेवर घेऊन फिरलीस, आणि तिला विचारलंस का एकदा तरी?"

सुनेने खाली बघितलं. "उद्या शनिवार आहे," ती म्हणाली. "निकाल चुकीचा आहे म्हणून मीच ऑफिसला सांगितलं तर पुढचं काम मिळायचं नाही. ओळखपत्र काढून घेतील."

मास्तरीणबाईंनी टेबलाखालच्या खणातून वर्तमानपत्रात बांधलेलं पुडकं काढलं आणि उघडून तिच्यापुढे टाकलं. राखाडी झगा आणि पांढरा शर्ट, भिंगरीच्या मापाचा. पाचही बटणं शिवलेली, पण काज एकही नाही. बटणांच्या खाली आतून चिकटपट्टी लावली होती, ओढली की उघडेल आणि दाबली की बसेल अशी, हळू चालणाऱ्या बोटांना जमेल अशी. सुनेने पट्टी एकदा ओढली, एकदा दाबली.

"आता ऐक," मास्तरीणबाई म्हणाल्या, "मी दोनदा सांगत नाही. लोक जितके वाईट मला वाटतात तितके नसतील, आणि जितके चांगले तू लिहून आणलेस तितके तर मुळीच नाहीत. माप तू खोटं घेतलंस. प्रत्येकाला आरशासमोर उभं केलंस, आणि आरसा म्हणून माझी नात धरलीस. ती तुझ्या कडेवर मी पाठवली, तेवढी चूक माझ्या वहीत लिही, बाकीची तुझ्या. काम गेलं तर जाऊ दे, खिडकीशी आणखी एक स्टूल मावतं, काजं पाडशील. उद्या सकाळपासून भिंगरी इथे बसेल, या टेबलाशी, सगळ्या गिऱ्हाइकांच्या डोळ्यांसमोर, आणि जी च्यक च्यक करेल तिचा गणवेश मी देणार नाही. तू एकटी जायचं. होतील तेवढी घरं कर, हक्काचं नाही, बाकाचं विचार, आणि जे येईल ते ऑफिस बंद व्हायच्या आत त्या साहेबाच्या टेबलावर नेऊन आपट. त्याला सांग, इथे लोक तयार नाहीत, म्हणून बाई इथेच पाहिजे. आणि निघायच्या आधी, आत्ता, माझ्यासमोर, तो कागद काढ आणि माझ्या नावापुढची ती खूण खोड."